एकट्याची बोट, पन्नास नॉटचा वारा

५ नोव्हेंबर २०१८ची गोष्ट. केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण प्रशांत महासागरात, 'मात्मुत' नावाची ३६ फुटी शिडाची बोट एका लाटेनं उलथवली. आत एकच माणूस होता: ज्याँ-ल्यूक व्हॅन डेन हीड, फ्रेंच, वय ७३. बोट पुन्हा सरळ झाली तेव्हा डोलकाठी जागेवर दिसली, पण तिचं दुखणं गंभीर होतं. बाजूच्या खालच्या तारा ज्या बोल्टवर काठीला धरून होत्या, तो बोल्ट ॲल्युमिनियम चिरत पाच सेंटिमीटर खाली घसरला होता. तारा ढिल्या पडल्या, काठी डुलू लागली. आधी त्यानं चिलीतल्या बंदराकडे वळायचं ठरवलं. मग विचार बदलला, भर समुद्रात हलत्या काठीवर पुन्हा पुन्हा चढून त्यानं तो सांधा बांधून काढला आणि केप हॉर्न ओलांडला. २९ जानेवारी २०१९ रोजी तो फ्रान्सच्या ले साब्ल दोलॉन बंदरात पहिला पोचला. मधल्या काळात उपग्रह फोन वापरल्याबद्दल त्याला १८ तासांचा दंडही झाला होता, तरी पहिलाच.

शर्यतीचं नाव गोल्डन ग्लोब. एकट्यानं, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. १९६८ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा नऊ जण निघाले आणि एकानंच शर्यत पूर्ण केली: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी बोट आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली होती. पन्नास वर्षांनी ही शर्यत त्याच जुन्या पद्धतीनं पुन्हा सुरू झाली. बोटीचा आराखडा १९८८च्या आधीचा हवा, लांबी ३२ ते ३६ फूट, समुद्रात आपली जागा शोधायला सेक्स्टंट, आणि कार्बन फायबर किंवा डायनीमासारख्या आधुनिक सामग्रीला बंदी. २०१८मध्ये दीड डझनाच्या आसपास माणसं निघाली, पाच जणांनी शर्यत पूर्ण केली आणि पाच बोटींच्या डोलकाठ्या मोडल्या. त्या पाचांत भारतीय खलाशी अभिलाष टॉमींची 'तुरीया' होती, गोव्यात दिवाडीच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 'सुहेली'ची प्रतिकृती. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात सत्तर नॉटच्या, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या वाऱ्यात आणि चौदा मीटरच्या लाटांत ती पालथी झाली. काठ्या गेल्या, टॉमींच्या पाठीचे मणके मोडले. तिसऱ्या दिवशी फ्रेंच गस्तीनौका 'ओसिरिस'नं त्यांना उचललं.

एवढ्या पडझडीत जिंकलेल्या म्हाताऱ्यानं निघण्याआधी आपल्या बोटीच्या काठीत काय सुधारणा केली होती? त्यानं ती दीड मीटर कापून आखूड केली होती.

शर्यतीला निघालेला माणूस शीड मोठं करेल, काठी उंच करेल, असं आपल्याला वाटतं. वादळातली एकट्या माणसाची शर्यत हा हिशेब उलटा करते. हा उलटा हिशेब समजून घ्यायचा तर आधी डोलकाठी उभी कशी राहते तेच बघावं लागतं, आणि ती गोष्ट मुळातच अचंब्याची आहे.

काठी बोटीत रोवलेली असते म्हणून उभी राहते, असा आपला समज असतो. बहुतेक आधुनिक बोटींत ती नुसती टेकवलेली असते. तिला उभं ठेवतात त्या तारा: पुढच्या नाळेपर्यंत जाणारा फोरस्टे, मागे बॅकस्टे, आणि दोन्ही बाजूंना श्राउड. या सगळ्या तारा टर्नबकलनं पिळून ताणलेल्या असतात, आणि ताणलेली प्रत्येक तार काठीला खाली दाबते. म्हणजे काठीचं खरं काम दाब सोसण्याचं. शाळेतली लाकडी फूटपट्टी टेबलावर उभी धरून तळव्यानं दाबून बघा. ती चुरडत नाही. आधी धनुष्यासारखी बाकते आणि मग कडकन मोडते. आता दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिला बरोबर मध्ये आधार द्या आणि पुन्हा दाबा. बाकवायला चौपट जोर लागेल. लेओनार्ड ऑयलरनं अठराव्या शतकात मांडलेला हा नियम आहे: आधार नसलेली लांबी निम्मी झाली की बाकण्याचा भार चौपट होतो. डोलकाठीवर ही दोन बोटं म्हणजे स्प्रेडर नावाचे आडवे हात आणि खालच्या श्राउडच्या तारा. व्हॅन डेन हीडच्या बोटीत नेमक्या याच तारा ढिल्या झाल्या होत्या. काठी अख्खी होती, पण तिची आधाराविना लांबी वाढली होती. पाच सेंटिमीटरची घसरण त्याला पुन्हा पुन्हा वर चढायला का लावते, ते यावरून कळतं.

या तारांवर ताण किती येतो? इथे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर उत्तर आहे. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. वीस नॉटमध्ये मजेत चालणारी बोट साठ नॉटमध्ये नऊपट जोराला तोंड देते, म्हणून ताराही नऊपट जाड लागतील, असं वाटेल. तसं होत नाही, कारण बोट कलते. कलली की शिडातून वारा सांडतो. तारेवर ताण येतो तो बोटीच्या सरळ होण्याच्या हट्टाइतका. तळाशी असलेलं शिसं तिला सरळ करू पाहतं, शीड तिला आडवं करू पाहतं, आणि या दोघांच्या भांडणात मध्ये तार सापडते. ढोबळ हिशेब करू. साडेसात टनांची बोट तीस अंश कलली आहे, तिला सरळ करणारा जोर ४५ सेंटिमीटरच्या तरफेनं काम करतो आहे आणि श्राउड काठीपासून दीड मीटरवर डेकला बांधलेला आहे, असं धरू. साडेसात हजार गुणिले ०.४५ भागिले १.५. वाऱ्याच्या बाजूच्या तारेवर सव्वादोन टनांच्या जवळपास ताण आला. आठ मिलिमीटरची एकोणीस पदरी स्टेनलेस तार साधारण पाच टनांना तुटते. दुपटीहून थोडी जास्त सुरक्षितता आहे, पण लाटेच्या धक्क्यात हे गणित क्षणभर कुठल्या कुठे जातं. आणि काठीवरचा दाब? फोरस्टे, बॅकस्टे आणि दोरांचे ताण मिळवले की तो अख्ख्या बोटीच्या वजनाच्या आसपास जातो. सुधारणा करणाऱ्यासाठी यात एक सापळा आहे. बोट जास्त स्थिर करावी म्हणून तळाला शिसं वाढवलं, तर तिचा हट्ट वाढतो आणि वरच्या तारांवरचा ताणही वाढतो.

मग तारा जाड करायच्या. हा पहिला सुचणारा उपाय, आणि बऱ्याच अंशी बरोबरही आहे. आठऐवजी नऊ मिलिमीटरची तार घेतली तर ताकद सव्वापट होते, दहाची घेतली तर दीडपटीहून जास्त, कारण ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडचण अशी की वजनही त्याच प्रमाणात वाढतं, आणि ते काठीच्या टोकापर्यंत वाढतं. बारा मीटर उंचीवर वाढलेल्या एक किलोची भरपाई करायला दीड मीटर खोलीवर आठ किलो शिसं लागतं. म्हणून अनुभवी रिगर, म्हणजे काठी आणि तारा बसवणारे कारागीर, सगळ्या तारा सरसकट जाड करत नाहीत. खालचे श्राउड एक माप वाढवतात, बॅकस्टे वाढवतात, आणि बाकीचे पैसे तारेच्या टोकांवर खर्च करतात.

कारण तार मध्ये फारशी तुटत नाही, टोकाशी तुटते. यंत्रानं दाबून बसवलेल्या टोकात तार जिथे शिरते तिथे सूक्ष्म फट असते. तिथे खारं पाणी साचतं आणि आतला प्राणवायू संपतो. स्टेनलेस स्टीलला न गंजण्याचं बळ देणारा पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा प्राणवायूविना दुरुस्त होत नाही, आणि चकचकीत दिसणारी तार आतून कुरतडली जाते. त्यात भर थकव्याची. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार ढिली असते, ती दर लाटेला फडफडते, आणि एकाच जागी लक्षावधी वेळा वाकते. विमा कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांनी तारा बदलायचा आग्रह धरतात तो यासाठी. तपासण्याची एक जुनी, बिनखर्ची रीत आहे: कापसाचा बोळा तारेवरून फिरवायचा. एक पदर जरी तुटला असला तरी कापूस अडकतो. नुसता हात फिरवू नये, रक्त निघतं.

एकट्या माणसानं आणखी एक बदल करावा असं मला वाटतं. टोकं दाबून बसवलेली असण्याऐवजी ती पान्यानं उघडता-बसवता येतील अशी, आत शंकू असलेली घ्यावीत. महाग असतात, पण भर समुद्रात तार तुटली तर दोन पाने आणि जास्तीची तार एवढ्यावर नवी तार उभी करता येते. यासाठी बोटीवरच्या सगळ्यात लांब तारेएवढा एक तुकडा गुंडाळून बाळगावा. दाबून बसवायचं यंत्र किनाऱ्यावरच्या कारखान्यात असतं आणि किनारा दोन हजार मैलांवर असतो. डेकखालच्या चेनप्लेटही उघडून बघाव्यात. तार जिला बांधली जाते ती ही पोलादी पट्टी डेकमधून खाली उतरते, आणि गंज नेमका डेकच्या जाडीत, कुणाला न दिसणाऱ्या जागी असतो.

इथवरची सगळी चर्चा पूर्ण खलाशीवर्ग असलेल्या बोटीलाही लागू पडते. माणसं कमी झाली की प्रश्न बदलतो. भरल्या बोटीवर शीड लहान करायला चार जण धावतात: एक सुकाणूवर, एक दोर सोडायला, दोन काठीपाशी. एकट्याच्या बोटीवर तेच काम एक माणूस करतो, आणि तो वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत झोपलेला असतो. त्याचे हात गारठलेले असतात. त्यानं शीड कमी करण्याचा निर्णय पंधरा मिनिटं लांबवला, तर ती पंधरा मिनिटं बोटीला महागात पडतात. त्यामुळे त्याच्या बोटीवरच्या सुधारणांना एकच कसोटी लावावी: आळसावलेल्या, घाबरलेल्या, अर्धवट झोपेतल्या माणसाला हे काम लगेच करावंसं वाटेल का?

यावर लोक लगेच सांगतात की सगळे दोर मागे, बसायच्या जागी कॉकपिटमध्ये आणा, म्हणजे लाटा धुऊन नेणाऱ्या डेकवर जावंच लागणार नाही. सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण दोर मागे आणायचा तर तो काठीच्या तळाशी वळतो, मग डेकवर वळतो, मग कॉकपिटकडे वळतो, आणि प्रत्येक वळणाला कप्पी लागते. साध्या कप्पीत दहा टक्के जोर घर्षणात गेला असं धरलं, तर सहा कप्प्यांनंतर तुमच्या जोरापैकी ५३ टक्केच पलीकडे पोचतो. एकाच दोरानं शिडाचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही कोपरे ओढणाऱ्या सोयीत कप्प्या आणखी वाढतात. नवी असताना ही सोय सुरेख चालते. मीठ साचलं, दोर फुगला, वारा चाळीस नॉटवर गेला की दोर मध्येच अडतो, आणि मग ज्या डेकवर जायचं नव्हतं तिथेच जावं लागतं, तेही अर्धं शीड फडफडत असताना. काही जुने दर्यावर्दी म्हणूनच काठीपाशी उभं राहूनच शीड लहान करतात. त्यांनी तिथे कमरेला टेकायला पोलादी कठडा केलेला असतो, सुरक्षादोर अडकवायला पक्की कडी असते, आणि सगळं काम एका जागी उरकतं. मला विचाराल तर मी यांच्या बाजूनं आहे, निदान छत्तीस फुटांच्या बोटीपुरता. बोट पन्नास-साठ फुटांची झाली की हा वाद उरत नाही. तिथे शिडाचं वजनच एवढं असतं की विंच आणि उत्तम बॉल-बेअरिंगच्या कप्प्या हव्यातच.

विंचबद्दल, म्हणजे हँडल फिरवून दोर ओढायच्या ढोलाबद्दल, थोडं सांगायलाच हवं, कारण तो एकट्या माणसाचा खरा साथीदार. त्याच्यावर लिहिलेला आकडा, समजा ४०, म्हणजे तुमचा जोर कागदोपत्री चाळीसपट होतो. हँडलवर पंधरा किलोनं ढकललं तर सहाशे किलोचा दोर हलतो, घर्षण वजा जाता. पण गिअरपेक्षा मला चकित करतो तो नुसता ढोल. दोर ढोलाभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. घर्षणाचा गुणांक पाव धरला तर एका वेढ्याला जवळपास पाचपट, दोन वेढ्यांना तेवीसपट, तीन वेढ्यांना शंभरपटीहून जास्त. तीन वेढे मारलेला दोर एक किलोच्या ओढीनं धरून ठेवा, पलीकडे शंभर किलो अडून राहतात. एका माणसानं दोन माणसांचं काम करावं, हे विंचशिवाय कुणालाच जमलं नसतं.

वळणाच्या कप्पीचं गणितही असंच फसवं आहे. दोर काटकोनात वळला तर कप्पीवर दोरातल्या ताणाच्या १.४ पट भार येतो, पूर्ण उलटा वळला तर दुप्पट. आता काठीचं टोक आठवा. शीड वर चढवणारा दोर, हॅलियर्ड, खालून वर जातो, चाकावरून वळतो आणि पुन्हा खाली येतो. शिडाला पाचशे किलोचा ताण द्यायचा तर काठीवर हजार किलोचा दाब पडतो. म्हणून मोठ्या शर्यतींच्या बोटींवर काठीच्या टोकाशी कुलूप असतं: शीड वर गेलं की ते तिथेच अडकतं, खाली येणारा दोर मोकळा होतो, आणि काठीवरचा तेवढा दाब निम्मा होतो. दोरही कमी ताणामुळे जास्त टिकतो. अट एकच, ते कुलूप वादळात खालून उघडायला हवं. एकट्या माणसाच्या बोटीवर प्रत्येक हुशारीला ही अट लागते.

आता पुढच्या शिडाकडे या. हल्ली पुढचं शीड फोरस्टेभोवती गुंडाळायची सोय असते; दोर ओढला की पडद्यासारखं गुंडाळलं जातं. शांत हवेत ते वरदान आहे. वादळात अर्धवट गुंडाळलेलं मोठं शीड जाड, फुगीर आणि बेढब होतं, त्याचा जोर नाळेच्या टोकाला आणि उंचावर लागतो. त्यात तो दोर तुटला तर अख्खं शीड पन्नास नॉटच्या वाऱ्यात आपोआप उलगडतं. म्हणून जड हवेच्या बोटीला एक आतला स्टे बसवतात, फोरस्टेच्या मागे, काठीच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश उंचीवर. त्याला हुकांनी अडकवायचं, छोटं, जाड कापडाचं, केशरी रंगाचं वादळी शीड. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा आकार पुढच्या त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या पाच टक्क्यांहून मोठा चालत नाही. उंची चौदा मीटर असेल तर दहा चौरस मीटरही नाही. एका खोलीच्या सतरंजीएवढ्या कापडावर सात टनांची बोट वादळातून चालते.

पण एक तार वाढवली की काम संपत नाही. आतला स्टे काठीला मध्यातून पुढे ओढतो, आणि मध्यातून ओढलेली काठी प्रत्येक लाटेला पुढे-मागे धडधडते. बाकण्याचा तोच जुना नियम. मग तिथून मागे खेचणारे दोन रनिंग बॅकस्टे हवेत. दिशा बदलताना एक सोडायचा, दुसरा कसायचा. एकट्याला आणखी एक काम. काही जण त्याऐवजी मागे कललेले कायमचे मधले श्राउड बसवतात: थोडा वेग जातो, पण एक काम कमी होतं. मुख्य शीडही लहान करायला तिसरी, कधी चौथी पायरी शिवून घेतात. शर्यतीचं शीड कसं असावं याच्या आपल्या कल्पनेत हे बसत नाही, पण कित्येक महिने चालणाऱ्या शर्यतीत जिंकतो तो शीड न फाडता परत आणणारा.

गोल्डन ग्लोबच्या नियमांबाहेर एक वेगळी सृष्टी आहे. डायनीमा हा पॉलिथिलीनचाच धागा. रेणूंच्या अतिलांब साखळ्या एका दिशेला ओढून सरळ केल्या की तोच पदार्थ वजनाच्या मानानं पोलादाहून कितीतरी बळकट होतो, आणि पाण्यावर तरंगतो. त्याला गाठ मारू नये. गाठीत त्याची ताकद निम्मी होते. त्याचं टोक दोराच्या पोकळ विणीत सरकवतात. ताण आला की वीण आवळते आणि टोक जास्तच घट्ट धरलं जातं. यासाठी व्यासाच्या ७२ पट टोक आत पुरायचा प्रघात आहे: दहा मिलिमीटरच्या दोराला ७२ सेंटिमीटर. तारेऐवजी या दोराचे श्राउड केले तर काठीवरचं कित्येक किलो वजन उतरतं, आणि ते हातानं, कुठल्याही यंत्राशिवाय, बोटीवरच बनवता येतात.

त्याचे दोन स्वभावदोष मात्र ओळखून असावं. एक, सतत ताणाखाली तो वर्षानुवर्षं हळूहळू लांबतो. त्यामुळे त्याची जाडी ताकदीवरून ठरत नाही, लांबण्यावरून ठरते, आणि तुटण्याच्या हिशेबानं तो गरजेहून खूपच जाड घ्यावा लागतो. दुसरा दोष गमतीचा आहे. गारठ्यात बहुतेक पदार्थ आखडतात, डायनीमा किंचित लांबतो. ॲल्युमिनियमची पंधरा मीटरची काठी पंचवीस अंश तापमान उतरल्यावर आठ-नऊ मिलिमीटरनं आखडते. काठी आखूड झाली, दोर लांबला, म्हणजे मुंबईच्या उन्हात कसून बांधलेले श्राउड दक्षिण महासागरात ढिले पडणार. नेमके जिथे ते सगळ्यात घट्ट हवेत तिथे. टर्नबकल फिरवायचा पाना खिशात लागतो.

आतापर्यंत वाऱ्याबद्दलच बोललो. काठ्या मोडतात त्या मात्र बहुधा लाटेमुळे. पाणी हवेच्या आठशेपट घन असतं. आडव्या फेकल्या गेलेल्या बोटीची काठी वेगानं पाण्यावर आपटते तेव्हा आपला सव्वादोन टनांचा हिशेब विसरायचा. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत आयरिश समुद्राच्या तोंडाशी वादळात १५ स्पर्धक मेले, आणि त्यानंतर बोटी का उलटतात याचा इंग्लंड-अमेरिकेत टाक्यांमध्ये प्रतिकृती सोडून अभ्यास झाला. फुटणारी लाट आडवी आली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या तीस टक्के असली तर काही बोटी उलटतात, साठ टक्के असली तर कुठलीच टिकत नाही. ३६ फुटी बोटीला म्हणजे साडेसहा मीटर पुरे.

त्याच अभ्यासातून एक न पटणारी गोष्ट पुढे आली: काठी मोडलेली बोट जास्त सहज उलटते. उंचावरचं वजन गेलं म्हणजे ती जास्त स्थिर व्हायला हवी, नाही का? पण लाटेचा फटका क्षणाचा असतो, आणि क्षणाच्या फटक्याला विरोध करतं ते जडत्व, जे अंतराच्या वर्गानं वाढतं. दहा मीटर उंचीवरचा एक किलो हा एक मीटरवरच्या शंभर किलोंइतका आळशी. काठीचं वजन थोडं, पण बोटीच्या डुलण्याला विरोध करणाऱ्या जडत्वातला मोठा वाटा तिचा. ती गेली की बोट झटक्यात फिरते. म्हणून काठी हलकी करत राहणं हाही उपाय नाही, आणि भारी करत राहणं हाही नाही. व्हॅन डेन हीडनं उंची कापली, तेव्हा त्यानं थोडं जडत्व गमावलं आणि त्याबदल्यात वाऱ्याची तरफ आखूड केली, पाण्यात आपटणारी लांबी कमी केली, रोज सांभाळायचं शीड लहान केलं. हा सौदा होता, आणि वादळी समुद्रात एकट्या माणसासाठी तो मला फायद्याचा वाटतो.

सर्वांत वेगवान बोटींनाही हे शेवटी मान्य करावं लागलं. २००८-०९च्या व्हॉन्दे ग्लोब या एकट्यांच्या प्रदक्षिणेत तीस बोटी निघाल्या आणि अकरा पोचल्या. कितीतरी काठ्या मोडल्या होत्या. २०१३पासून त्या शर्यतीतल्या बोटींच्या वर्गानं नव्या बोटींना सगळ्यांसाठी एकाच साच्याची काठी आणि कील, म्हणजे तळाचा जड कणा, सक्तीची केली. काठी हलकी करण्याची चढाओढ नियमानंच थांबवली.

सुधारणांच्या यादीत एक हत्यार हवंच: तारा कापायचं. मोडलेली काठी बोटीच्या बाजूला तारांना लोंबकळत राहते आणि प्रत्येक लाटेला भाल्यासारखी बोटीच्या अंगावर येते. तिला सोडवलं नाही तर ती भोक पाडते. म्हणून कटर हाताशी हवा, आणि त्याहून बरं म्हणजे टर्नबकलच्या पिना अशा बसवलेल्या हव्यात की काळोखात, हातोडी आणि पंचनं त्या ठोकून काढता येतील. महिनाभर खपून बसवलेली अख्खी यंत्रणा पाच मिनिटांत समुद्रात सोडून देता यावी, यासाठीही बांधावं लागतं.

टॉमींनी पुन्हा चालायला शिकून २०२२ची गोल्डन ग्लोब शर्यत धरली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. त्यांच्या दोन दिवस आधी पोचलेली, पहिली आलेली खलाशी होती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. आपल्याकडे हा वारसा गोव्यातून चालतो. दिलीप दोंदे 'म्हादेई'तून १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१०ला एकट्यानं प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. ती बोटही दिवाडीचीच. तिचीच बहीण 'तारिणी', ५६ फुटी. तिच्यातून नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्न ओलांडून २९ मे २०२५ला परतल्या. ती शर्यत नव्हती, पण छप्पन्न फुटांची शिडं दोन माणसांनी आठ महिने हाताळायची म्हणजे वर लिहिलेला प्रत्येक प्रश्न रोज सोडवायचा.

गेटवेसमोर किंवा पणजीला मांडवीत एखादी शिडाची बोट नांगरलेली दिसली तर शिडाकडे बघू नका. तारा डेकला जिथे बांधल्या आहेत तिथे वाका, पिना बघा, टोकाशी तांबूस गंजाची रेघ आहे का ते बघा. मग मालकाला विचारा, या तारा कोणत्या साली बदलल्या. उत्तर चटकन आलं नाही तर त्या बोटीतून लांब जाऊ नका.